पाचापैकी चार

सुहासिनी मॅडमना 'सरासरी' या शब्दाचा राग येत असे. साधासुधा नाही, चांगला चष्मा काढून टेबलावर ठेवण्याइतका. कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईने खरं तर गच्चीत कुंड्या लावाव्यात. यांनी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका औषधांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि सर्वेक्षणाचं ऑफिस उघडलं. लोकांना काय वाटतं ते लोकांनाच विचारायचं आणि ज्याला हवं त्याला नीट मांडून द्यायचं, असा हा उद्योग. त्यासाठी एवढं शिकावं लागतं का, असं त्यांच्या धाकट्या बहिणीने एकदा विचारलं होतं. "लागतं," मॅडम म्हणाल्या, "कारण लोक सांगतात एक आणि आपण ऐकतो भलतंच."

सान्वी या ऑफिसात आकडे सांभाळायची. दिवा स्टेशनजवळच्या चाळीत वाढलेली, शिकून एम.एस्सी. झालेली, आणि आता आईबरोबर डोंबिवलीत कोपरला भाड्याच्या घरात राहणारी मुलगी. कामात चोख, बोलण्यात तिखट. मॅडमना ती आवडायची, पण मॅडमनी ते तिला कधी कळू दिलं नाही. मास्तरांच्या जातीची ही जुनी खोड.

एका सकाळी आनंदराव ऑफिसात आले. ते एका सेवाभावी संस्थेचे कार्यवाह. संस्थेची दोन पाळणाघरं होती: एक कोलशेतला, खाडीकडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, आणि दुसरं दिव्याला, चाळींच्या गल्लीत. देणगीदार आटले होते, दोन्ही चालवण्याची ताकद संस्थेत उरली नव्हती. एकच ठेवायचं ठरलं होतं.

"मला कुणावर अन्याय करायचा नाही," आनंदराव म्हणाले. "दोन्हीकडच्या आयांना तेच प्रश्न विचारा. ज्या जास्त समाधानी, त्यांचं पाळणाघर राहील. याहून सरळ काय असणार?"

माणूस मनाने स्वच्छ होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गोष्टीत एक खलनायक लागतोच असं ज्यांना वाटतं त्यांची इथे निराशा होणार आहे.

ते जिना उतरून गेले तशी सान्वी उठली. मग मॅडमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, हे काम मला देऊ नका."

"का?"

"दिव्याचं ते पाळणाघर कलावती मावशी चालवते. मी तिथेच वाढलेय. सात महिन्यांची असल्यापासून शाळेत जाईपर्यंत. आई कंपनीत कामाला जायची, मी मावशीकडे. ते बंद पडू नये असं मला वाटतं. म्हणजे मी आधीच एका बाजूला आहे."

मॅडम म्हणाल्या, "हे आपणहून सांगितलंस ते चांगलं केलंस. आता काम तूच कर. अट एकच. तुझं उत्तर असं हवं, की ज्याने कलावतीबाईंचं तोंड कधी पाहिलेलं नाही त्यालाही ते मान्य करावं लागेल. आणि दिव्याला तू स्वतः जायचं नाहीस. संदेश जाईल."

संदेश हा ऑफिसचा फिरता माणूस. डोंबिवलीचा, बोलका, दारात उभा राहिला तर पाचव्या मिनिटाला आत बसून चहा पिणारा. तो दिव्याला गेला. कोलशेतच्या आयांनी प्रश्न मोबाईलवर भरून पाठवले. प्रश्न साधे होते. जागा स्वच्छ आहे का, पाणी पुरतं का, वेळ सोयीची आहे का, मूल इथे खूश असतं का, मुलाची तब्येत सुधारली का, सांभाळणाऱ्या बाईंवर विश्वास आहे का. प्रत्येकाला एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.

उत्तरं जमली. कोलशेतकडून नुसता पाचांचा पाऊस. दिव्याकडून चार, चार, चार. मध्येच एक, कुठे पाच, पुन्हा चार.

आनंदरावांना धीर धरवला नाही. त्यांनी उत्तरं मागवून घेतली, घरच्या घरी बेरीज करून भागाकार केला आणि फोन केला. "मॅडम, कोलशेतची सरासरी सरळसरळ वर आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत काढली मी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आनंदराव, तुमच्या इमारतीला जिना आहे ना? जुना जिना. त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का?"

"छे! तिसरीवर रोज कुणीतरी ठेचकाळतं."

"मग झालं तर. एक ते पाच हे आकडे नाहीत, पायऱ्यांची नावं आहेत. चौथी तिसरीच्या वर आहे, एवढंच आपल्याला ठाऊक. किती वर, ते ठाऊक नाही. नावांची बेरीज करून भागाकार करायचा नसतो. दोन दशांशांपर्यंत तर मुळीच नाही. थोडं थांबा, सान्वी नीट करते आहे."

सान्वीला तेवढ्याने हुरूप आला. नीट करण्याची रीत तिला तोंडपाठ होती. सरासरीच्या वाटेला जायचंच नाही. दिव्याची प्रत्येक आई, तिच्या सहा उत्तरांतलं मधलं धरून, कोलशेतच्या प्रत्येक आईसमोर उभी करायची आणि एवढंच बघायचं, की दोघींपैकी वरच्या पायरीवर कोण आहे. बस्स, कोण वर आणि कोण खाली. कॉम्प्युटरला हे काम चिमूटभर. तिने बटण दाबलं.

कोलशेत वर आलं. निर्विवाद वर.

रीत शुद्ध असली म्हणून ती आपल्याला हवं तेच सांगेल असं थोडंच आहे! सान्वी दुपारभर त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिला एक युक्ती सुचली. चार आणि पाच, दोन्ही म्हणजे शेवटी समाधानीच ना? ते एकत्र करून टाकले तर? तिने केले. दिवा आणि कोलशेत एकदम बरोबरीत आले. ती धावतच मॅडमकडे गेली.

मॅडमनी कागद पाहिला. "चार आणि पाच एकत्र करायचं कधी ठरवलंस? उत्तरं यायच्या आधी, की बघितल्यावर?"

सान्वी कागदाचा कोपरा दुमडू लागली.

"बघितल्यावर," मॅडमच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "बाळा, तुला मावशी प्रिय आहे, ते तुला शोभतं. पण असं केलंस तर उद्या तुला स्वतःलाच खात्री राहणार नाही, की पाळणाघर मावशीमुळे वाचलं की तुझ्या हातचलाखीमुळे."

'बाळा' हा शब्द मॅडमच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला. तिने कागद फाडला आणि जागेवर जाऊन बसली. चूक झाली होती हे खरंच, पण ती कुणीतरी वेळेवर आणि न ओरडता दाखवली, याचं तिला त्या क्षणीही बरं वाटलं. राग आला तो नंतर, आणि तोही स्वतःचाच.

राग आला की सान्वीचं डोकं चांगलं चालतं. तिने एकूण हिशेब सोडून दिला आणि एकेक प्रश्न वेगळा काढून बघायला घेतला. पाणी पुरतं का? दिव्याच्या आयांनी बिनदिक्कत एक दिला होता, जवळजवळ सगळ्यांनी. जागा स्वच्छ आहे का? पाच, पाच, पाच. वेळ सोयीची आहे का? पुन्हा पाच. म्हणजे या बायकांना पाचाचं वावडं नव्हतं, आणि एक द्यायला त्या कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. पण मूल खूश असतं का? चार. मुलाची तब्येत सुधारली का? चार. बाईंवर विश्वास आहे का? चार. ज्या ज्या प्रश्नात लेकरू होतं, तिथे तिथे पाच गायब. एकीनेसुद्धा दिलेला नाही. इतक्या बायका आपापल्या दारात बसून, एकमेकींना न विचारता, तोच एक गुण राखून ठेवतात, हे काही आपोआप होत नाही.

का, ते मात्र तिला कळेना.

संध्याकाळी घरी आली तर आई मेथी निवडत बसली होती. आईचं नाव तुळसा. ती साताऱ्याकडची, लग्न होऊन दिव्यात आलेली. नवरा लवकर गेला आणि कोलशेतच्या एका औषध कंपनीत पाकिटं भरून हिने मुलगी वाढवली. ती कंपनी आता नाही, तिच्या जागी उंच इमारती आहेत. सान्वी तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

"आई, एक सांग. कलावती मावशीने मला सांभाळलं, त्याला तू एक ते पाचमध्ये किती देशील?"

"हे काय नवीन?"

"सांग तर. पाच म्हणजे पूर्णपणे चांगलं."

आईने मेथीची काडी मोडली. "चार."

सान्वीच्या हातातली जुडी खाली पडली. "चार? मला ताप भरलेला तेव्हा तू ड्युटीवर होतीस, मावशी मला उचलून रुळांपलीकडच्या डॉक्टरकडे घेऊन गेलेली. तूच सांगतेस ना? स्वतःच्या ताटातलं भरवायची. कुठे कमी पडली ती, की तू एक कापलास?"

"कमी कुठे पडली? काय बोलतेस!" आई उलट तिच्यावरच उखडली. "देवीसारखी बाई आहे ती. पण लेकराच्या बाबतीत पुरतं भरलं असं तोंडाने म्हणू नये गं. दृष्ट लागते."

"कोणाची?"

"आपलीच. आईची तर सगळ्यात आधी लागते. तू बोर्डात शाळेतून पहिली आलेलीस, तेव्हा चाळीत सगळ्यांना मी काय सांगितलेलं? पास झाली म्हणून. पाच म्हटलं की संपलं, वर काही राहत नाही. एक मागे ठेवायचा असतो. बाळाच्या गालावर तीट लावतो ना आपण, काळी? गोरं गोमटं लेकरू काय घाण दिसावं म्हणून लावतो का?"

सान्वी तिच्याकडे बघतच राहिली. "आणि पाणी पुरतं का असं विचारलं तर?"

"दिव्यात? पाण्याला कसली दृष्ट लागायची? ते येतच नाही."

सान्वी इतकी हसली की आईला वाटलं, पोरीला ऑफिसातलं काहीतरी लागलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. सगळ्या आयांनी दिलेले ते चार, ज्यांच्याकडे बघून आपण दिवसभर मनातल्या मनात त्या बायकांना कृतघ्न म्हणत होतो, ते चार म्हणजे गालावरची तीट होती. आणि आपल्यालाही कुणीतरी जन्मभर अशीच तीट लावत आलं, 'पास झाली' असं सांगत आलं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. ती उठली आणि मेथीच्या ढिगासकट आईला मिठी मारली. आई म्हणाली, "अगं, पानं सांडली!"

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेच नवल.

"सुंदर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण ही तुझ्या आईची गोष्ट झाली. दिव्याच्या आयांचीही हीच आहे, हे तुला दाखवावं लागेल. कसं दाखवशील?"

"त्यांना गुण विचारायचेच नाहीत. गुण दिले की कौतुक होतं आणि कौतुक केलं की भीती वाटते. नुसता क्रम विचारायचा. पाच कार्डं द्यायची. घरातलं मोठं माणूस, शेजारीण, घरी येऊन सांभाळणारी बाई, दुसरं कुठलंही पाळणाघर आणि हे पाळणाघर. समजा, पाचही सोयी हाताशी आहेत, तर मूल दिवसभर कुणाकडे ठेवाल? पहिलं कोण, दुसरं कोण, लावा. दोन्हीकडे तीच कार्डं."

मॅडमनी चष्मा काढला, पण या वेळी पुसायला. "ज्यांची उत्तरं फक्त क्रम सांगत होती, त्यांना क्रमच विचारायचा. मला हे सुचायला हवं होतं." आणि मग, जणू फार झालं असं वाटून, "टाईप करताना ऱ्हस्व-दीर्घ बघ," असंही म्हणाल्या.

आनंदरावांनी मात्र फोनवर नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "म्हणजे तुम्हाला हवा तो निकाल लागेपर्यंत विचारत राहणार का?"

प्रश्न वाजवी होता. स्पीकरवर ऐकणाऱ्या सान्वीचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच आता ठरवून टाकू. हा शेवटचा प्रश्न. जिथल्या आया आपलं पाळणाघर जास्त वरच्या क्रमावर ठेवतील, ते राहील. निकाल उलटा आला तरी आम्ही तोच देऊ आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. सान्वी, कबूल?"

कबूल म्हणायला तिला जड गेलं. दृष्टीची गोष्ट आईपुरतीच असली तर? दिव्याच्या आयांना खरंच पाळणाघर चौथ्याच पायरीचं वाटत असलं तर? मग मावशीच्या दाराला कुलूप लागणार, त्या आया पोरांना घरात कोंडून कामाला जाणार, आणि त्या निकालावर सही आपली असणार.

"कबूल," ती म्हणाली.

संदेश पुन्हा दिव्याला गेला. कशासाठी ते त्याला मुद्दाम सांगितलं नाही. कोलशेतला सान्वी स्वतः गेली. तिथल्या आयांपैकी वल्लरी नावाची एक तिच्या चांगली लक्षात राहिली. घरून काम करणारी, कानात हेडफोन, कडेवर गुबगुबीत मुलगा. तिने सान्वीला बसवलं, सरबत दिलं आणि कार्डं हातात घेतली.

"मागच्या वेळी तुम्ही सगळ्या प्रश्नांना पाच दिले होते," सान्वीने सहज विचारलं.

"मी सगळ्यांनाच पाच देते गं. जेवण आणणाऱ्याला, रिक्षावाल्याला, पार्लरवालीला. चार दिले की त्या बिचाऱ्यांना वरून फोन येतो, काय चुकलं म्हणून. कशाला कुणाच्या पोटावर पाय?" वल्लरीने कार्डं लावली. पहिलं घरातलं मोठं माणूस, म्हणजे तिची आई, जी डोंबिवलीला राहत होती. दुसरी घरी येणारी बाई. तिसरं पाळणाघर. मग तिने सान्वीकडे जरा काळजीने पाहिलं. "म्हणजे पाळणाघर वाईट आहे असं नाही हां. छान आहे ते. फक्त, जागा असती तर मी आईलाच इकडे आणून ठेवलं असतं."

किती सज्जन बाई, सान्वीला वाटलं. हिला दुखवणारं काही आपल्या हातून होऊ नये, आणि तरी ते होणार असेल तर निदान खरं तरी असावं.

संदेश परतला तो शर्ट घामाने चिकटलेला आणि चेहरा खुललेला. "यार, काय सांगू! एका घरी सून कार्डं लावत होती आणि सासू बाजूला बसलेली. सुनेने पाळणाघर पहिलं ठेवलं, घरातलं मोठं माणूस दुसरं. सासूच्या डोळ्यांदेखत! मी म्हटलं, गेलो मी आता, इकडे राडा होणार. सासू वाकून बघते आणि म्हणते, बरोबर लावलंय तिने. माझे गुडघे धरतात, कलावतीचे धरत नाहीत."

"बाकीच्यांनी?" सान्वीने विचारलं.

"तू बघ ना. मी फक्त विचारत गेलो."

तिने उत्तरं भरली. मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुन्हा दिव्याची प्रत्येक आई कोलशेतच्या प्रत्येक आईसमोर उभी राहिली. या वेळी दिवा वर आला, आणि थोडाथोडका नाही. दिव्याच्या जवळजवळ प्रत्येक आईने हे पाळणाघर पहिलं ठेवलं होतं, सख्ख्या आईच्या आणि सासूच्या आधी. कोलशेतच्या आयांनी बहुतेक तिसरं, कुठे दुसरं.

मॅडमचा हात क्षणभर तिच्या खांद्यावर आला. "लिही आता," त्या म्हणाल्या. "आणि हेही लिही, की कोलशेतचं पाळणाघर वाईट आहे असं यातून निघत नाही. त्या आयांना दुसरे आधार आहेत, एवढंच निघतं."

आनंदराव स्वतः आले. अहवाल त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. "ठरल्याप्रमाणे दिवा राहील," ते म्हणाले. "पण मला एक कळत नाही. इतकं प्रिय आहे, तर आधी पाच का नाही दिले?"

सान्वीने तिटेची गोष्ट सांगितली. आनंदराव ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. "माझी आई," ते म्हणाले आणि थांबले. "मला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी तिने मला कानामागे तीट लावली होती. एवढा दाढीवाला घोडा मी. लाजून रिक्षात पुसून टाकली." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "मी दोन दशांश स्थळांपर्यंत काढत बसलो होतो हो."

कोलशेतला बातमी कळली तेव्हा सान्वीला वाटलं, आता ओरडा बसणार. वल्लरीचा फोन आला खरा. थोडी नाराज होती, का असणार नाही? पण मग म्हणाली, "आमच्याकडची खेळणी आणि छोट्या गाद्या दिव्याला चालतील का? माझा नवरा गाडीने पोचवेल." सान्वीने तीनतीनदा आभार मानले. जग वाईट आहे असं जे म्हणतात त्यांनी अशा बायकांशी एकदा फोनवर बोलून घ्यावं.

गाद्या आल्या त्या शनिवारी सान्वी दिव्याला गेली. आता जायला हरकत नव्हती. गल्ली तशीच होती, पाण्याचे निळे पिंप दारोदारी, आणि शेवटच्या दाराशी लहान लहान चपलांचा ढीग. आत कलावती मावशी एका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. केस पांढरे झाले होते, हात तसेच, झपझप चालणारे.

"आलीस का गं? गाद्या बघ काय मऊ आहेत. पोरं झोपायची सोडून उड्या मारतायत."

सान्वी तिच्यासमोर खाली बसली. सगळी वाट तिने शब्द जुळवले होते. "मावशी, तू नसतीस तर आईची नोकरी टिकली नसती," ती कशीबशी म्हणाली. "मी शिकले नसते. माझं जे काय झालं ते तुझ्यामुळे झालं. हे मी तुला कधी सांगितलंच नाही."

"हात धुतलेस?" मावशीने विचारलं. "मग घे याला जरा. माझी मांडी अवघडली."

सान्वीने बाळ घेतलं. मावशी पदराने डोळे पुसत होती, पण भाव असा, की जणू डोळ्यात काजळ गेलं. मग तिने खरोखरच काजळाची डबी उघडली आणि बाळाच्या गालावर ठिपका दिला.

"तुझं ऑफिस काय ते, एक ते पाच विचारतं म्हणे," ती म्हणाली. "आया सांगत होत्या. दोनदा आला तो पोरगा. चहा पितो फार."

"हो." सान्वीला एकदम मस्करी सुचली. "मावशी, मला किती देशील? एक ते पाच."

मावशीने तिला नीट पाहिलं. केसांपासून पायापर्यंत, मांडीवरच्या बाळासकट, सावकाश.

"तीन."

"तीन? मावशी! दिव्यातल्या सगळ्या आया आपापल्या पोरांना चार देतात."

"त्यांची अजून रांगतायत," मावशी म्हणाली. "तुला एक कमी करून कसं भागायचं?"

तिचं काजळाचं बोट अजून पुसलेलं नव्हतं. ते तिने पुढे केलं. सान्वीने मान वाकवली आणि कानामागचे केस बाजूला केले.